लेसरने गोंदण काढणे

त्वचेत रुतलेली शाई लेसरच्या झोताने फोडून गोंदण किंवा टॅटू फिका करण्याची वैद्यकीय पद्धत. विदर्भातल्या खेड्यांत गोंदण दोन प्रकारचे दिसते. गोंड, कोलाम, कोरकू व इतर समाजांतील म्हाताऱ्या बायांच्या हातापायांवरचे काजळीचे हिरवट-निळे गोंदण हे एक; बहिरम, मार्कंडा यांसारख्या जत्रांत मशीनने घाईघाईत काढून घेतलेले नाव किंवा बदाम हे दुसरे. डॉक्टरकडे येते ते बहुधा हे दुसरे : मोडलेल्या सोयरिकीतले नाव, नाहीतर सैन्यभरतीच्या आड येणारे चित्र.

शाई वरच्या कातडीत नसते. ती खालच्या थरात असते आणि तिथल्या पेशी तिचे कण गिळून धरून ठेवतात, म्हणून कितीही घासले तरी ती जात नाही. क्यू-स्विच्ड एनडी-याग या प्रकारच्या लेसरचा एक झोत काही नॅनोसेकंदच, म्हणजे सेकंदाचे काही अब्जांश भागच टिकतो. तेवढ्यात शाईचे कण तापून फुटतात, पण भोवतालच्या कातडीला भाजण्याइतका वेळ मिळत नाही. अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी 1983 मध्ये मांडलेले हेच तत्त्व. पुढचे काम शरीराचे : फुटलेले बारीक कण पेशी हळूहळू वाहून नेतात. एका सीटिंगमध्ये टॅटू जात नाही तो यामुळेच.

उपचारापूर्वी बधिर करणारे मलम लावतात, डोळ्यांवर चष्मा चढवतात. झोत पडताना चटचट आवाज होतो, तापल्या तेलाचा शिंतोडा उडावा तसा चटका बसतो आणि रेघ क्षणभर पांढरी पडते. नंतर सूज, कधी फोड येतात. ते फोडायचे नाहीत. दोन सीटिंगमध्ये साधारण सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवतात. सहा सीटिंग धरल्या तरी सात ते नऊ महिने गेलेच, त्यामुळे भरतीची जाहिरात निघाल्यावर धावाधाव करून उपयोग होत नाही. काळी शाई लवकर दाद देते. हिरवी, निळी, पिवळी चिवट असते. पांढरी किंवा गुलाबी शाई तर लेसरने उलट काळी पडू शकते.

सावळ्या कातडीसाठी 1064 नॅनोमीटरची तरंगलांबी त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात, तरी पांढरे किंवा काळे डाग राहण्याचा धोका असतोच. उन्हाने तो वाढतो, आणि इथे शेतात राबणाऱ्या माणसाला ऊन टाळणे सोपे नाही. कापूस वेचताना बाया साडीवर पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, तो या काळात हातावरच्या जागेला चांगला आडोसा देतो. भाताच्या रोवणीच्या दिवसांत मात्र सीटिंग घेऊच नये. ओली जखम चिखलात गेली की पिकते.

चुना-सोडा, बिब्बा किंवा अ‍ॅसिड लावून गोंदण घालवण्याचे प्रकार गावोगाव चालतात. त्याने कातडी जळते, शाई बरीचशी तिथेच राहते आणि वर जाड वण उठतो; अशा वणावर नंतर लेसरही नीट चालत नाही. पार्लरमधले केस काढायचे यंत्रही या कामाचे नाही, त्याने भाजते. जावे ते त्वचारोगतज्ज्ञाकडेच.

सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूचा आणि तळहाताच्या मागचा टॅटू चालतो. आदिवासी उमेदवारांना रूढीनुसार असलेल्या गोंदणासाठी वेगळी सवलत आहे. तेव्हा आदिवासी तरुणाने पिढीजात गोंदणावर पैसे आणि कातडी खर्चण्याआधी जाहिरातीतली अट नीट वाचावी.