वायरमन परमिट काढायचंय पण इन्शुरन्स नाही, मग काय?

परवा एका पोरानं विचारलं, दादा माझा कसलाच इन्शुरन्स नाही, मला वायरमन परमिट मिळतंय का. मिळतंय की! परमिटला शिक्षण, वय अन अनुभव बघतात, स्वतःच्या विम्याचा कागद मागत नाहीत.

वायरमन परमिट, सुपरवायझरचं सर्टिफिकेट अन कॉन्ट्रॅक्टरचं लायसन अशी तीन वेगळी कागदं असतात, अन ती राज्याचं अनुज्ञापक मंडळ (परवाने देणारं मंडळ) देतंय, महावितरण नाही, लोकं उगंच सबस्टेशनला चकरा मारायलेत. नुसत्या परमिटवर फिटिंगचा ठेका घेता येत नाही, लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडं काम करावं लागतं. नवीन मीटरच्या टेस्ट रिपोर्टवर सही-शिक्का पण त्याचाच. बल्ब, फॅन, फ्यूज, स्विच आहे तसा बदलायला लायसन लागत नाही, पण वायरिंग वाढवली, लोड बदलला की लागलंच. हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमात आहे, आधी 2010 चे होते, आता 2023 चे.

कागदं म्हणाल तर आयटीआयचं सर्टिफिकेट अन मार्कलिस्ट (वायरमन नाहीतर इलेक्ट्रिशियन ट्रेड), वयासाठी टीसी, आधार, फोटो, सही, अन अनुभवाचा दाखला. घोडं अडतंय ते दाखल्यापाशी. दाखला लायसनवाल्याचाच पाहिजे, अन टीसीवर एक नाव, आधारवर दुसरं असलं तर ते आधी दुरुस्त करून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो, अडलं तर विद्युत निरीक्षकाच्या हापिसात विचारा, एजंटला पैसे देऊ नका.

आता विम्याचं. गावात डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर), पोलवर चढणारा झिरो वायरमन तुम्हाला माहितच असंल, ना परमिट ना विमा, फ्यूज उडाला की सगळे त्यालाच फोन करतेत, अन काही झालं की हा आमचा माणूसच नाही म्हणून हात वर. त्याच्या घरच्यांनी भरपाई कुणाला मागायची? कॉन्ट्रॅक्टरकडं कामाला असलात तर कायद्यानं (आधी 1923 चा होता, आता 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता) कामावरच्या अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, त्यानं पॉलिसी काढलेली असो नसो. म्हणून हजेरी, पगाराचा कुठलातरी लेखी पुरावा ठेवा, व्हॉट्सॲपवरचा का होईना. संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्र्याच्या कंपन्यात काम घ्यायचं असंल तर ठेकेदाराला सहसा कामगारांची पॉलिसी दाखवावी लागते, तिथं परमिट एकट्यावर भागत नाही.

बांधकामावर वर्षात 90 दिवस वायरिंग केली असंल अन वय 18 ते 60 मधी असंल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा, 90 दिवसाचा दाखला ठेकेदार नाहीतर ग्रामसेवक देतो. अन बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा, 18 ते 70 वयाला चालतंय, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. पैसे मे अखेरीला खात्यातून आपोआप कटतेत, तवा खात्यात तेवढे 20 रुपये राहू द्या.