डायलिसिसचं पाणी आणि जंतुसंसर्ग

किडनी निकामी झालेल्या पेशंटचं रक्त मशीनवर साफ करताना डायलायझरमधल्या, म्हणजे रक्ताच्या गाळणीतल्या, बारीक नळ्यांच्या बाहेरून एक द्रावण वाहत असतं, ते द्रावण बनवायला जे पाणी लागतं त्याला डायलिसिसचं पाणी म्हणतात. मशीन मिनिटाला साधारण ५०० मिली द्रावण ओढतं, म्हणजे चार तासाला १२० लिटर, आणि आठवड्यात तीन वेळा डायलिसिस असेल तर ३६० लिटर. आपण प्यायलेल्या पाण्याला पोटातलं ॲसिड, आतड्याची भिंत, लिव्हर एवढं सगळं ओलांडून रक्तापर्यंत जावं लागतं, इथं मात्र रक्त आणि पाणी यांच्यात केसापेक्षा पातळ पडदा असतो, बास. इन्फेक्शन म्हटलं की सगळ्यांना सुया, हात, ग्लोव्हज आठवतात आणि ते बरोबरच आहे, पण मी टेक्निशियन म्हणून सांगतो, अर्धी लढाई वॉर्डाच्या मागच्या आरओ रूममध्ये, म्हणजे बारीक पडद्यातून दाबानं पाणी गाळणारं यंत्र असतं तिथं, असते आणि तिकडं नातेवाईक सोडा, स्टाफमधलंही कुणी फारसं फिरकत नाही.

सोलापुरात हा विषय जास्तच महत्त्वाचा आहे. शहराला पाणी येतं मुख्यतः उजनी धरणातून पाइपलाइननं आणि भीमेवरच्या टाकळीहून, थोडं हिप्परगा तलावातून, आणि नळाला रोज पाणी ही गोष्टच आपल्याकडं नाही, चार-चार पाच-पाच दिवसांनी येतं तेव्हा जो तो भरून ठेवतो. हॉस्पिटलंही तेच करतात. जमिनीखालची टाकी, वरची टाकी, कमी पडलं की बोअर, उन्हाळ्यात टँकर. नदीचं पाणी वेगळं, बोअरचं जड क्षारांचं पाणी वेगळं, त्यामुळं सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारी टाकी, आज नीट चालला म्हणून उद्या चालेलच असं नाही, टँकर आला की हार्डनेस, म्हणजे तो जडपणा, परत बघावीच लागते. सिव्हिलला किंवा खासगी युनिटांत पेशंट फक्त शहरातले नसतात, अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, पार कर्नाटकातल्या इंडीपासून लोक पहाटेची एसटी धरून येतात, त्यांना आरओ बंद आहे, उद्या या म्हणून सांगता येत नाही.

आता खरी गंमत क्लोरीनची. महापालिका जंतू मारायला पाण्यात क्लोरीन टाकते, ते गरजेचंच आहे. पण तेच क्लोरीन डायलिसिसमधून रक्तात गेलं तर लाल पेशी फुटतात, शिवाय आरओचा मेंब्रेन खराब होतो. म्हणून आधी कार्बनच्या टाक्यांमधून पाणी काढून क्लोरीन शोषून घ्यायचं, आणि त्या क्षणापासून पाणी उघडं पडतं, त्याला राखणारं काही उरत नाही. मर्यादा आहे लिटरला ०.१ मिलिग्रॅम, आणि तीसुद्धा टोटल क्लोरीनची. हे टोटल फार महत्त्वाचं, कारण उजनीत पुण्याकडचं सांडपाणी मुळा-मुठेतून येतं, अशा पाण्यातल्या अमोनियाशी क्लोरीन जोडलं की क्लोरामीन होतं आणि साध्या फ्री क्लोरीनच्या टेस्टमध्ये ते दिसतच नाही. टेस्ट दर शिफ्टच्या आधी, सिस्टीम पंधरा मिनिटं चालू ठेवून, पहिल्या कार्बनच्या पुढं सॅम्पल घेऊन करायची. दोन मिनिटांचं काम आहे. सकाळी सहाला पेशंट बाहेर ताटकळत असतात तेव्हा हीच दोन मिनिटं वाचवाविशी वाटतात, आणि वाचवायची नसतात.

आरओ जंतू बऱ्यापैकी अडवतो, पण आरओच्या पुढं टाकी, पाइप, मशीनचे कनेक्शन हे सगळं येतं आणि पाण्यातल्या सुडोमोनाससारख्या जंतूंना खायला जवळजवळ काही लागत नाही, शुद्ध पाण्यातही ते वाढतात. पाइपाच्या आतून चिकट थर धरतात, त्याला बायोफिल्म म्हणतात, तो एकदा बसला की वरवरच्या डिसइन्फेक्शननं निघत नाही. पाणी फिरत राहिलं तर थर कमी धरतो म्हणून लूप, म्हणजे आरओपासून मशीनपर्यंत पाणी नेऊन परत आणणारी पाइपलाइन, गोल असावी लागते, मध्येच बंद तोंडाचा फाटा नको. कुठंतरी जुनं मशीन काढलं आणि पाइपाचा तुकडा तसाच बूच मारून ठेवला, की तिथं पाणी साचून जंतूंचं घर तयार. रविवारी युनिट बंद ठेवलं आणि आरओही बंद केला तर सोमवारची पहिली शिफ्ट त्या शिळ्या पाण्यावर चालते, त्यामुळं सोमवारी पहाटे आधी लूप फ्लश करायचा हा नियम मी कुठंही काम केलं तरी सोडलेला नाही.

पेशंटच्या बाजूनं हे कसं दिसतं? मशीनवर घेऊन तास-दीड तास झालेला असतो, मावशी गप्प पडलेल्या असतात आणि एकदम म्हणतात, भाऊ, थंडी वाजायलीय बघा. मग हुडहुडी, दात वाजणं, ताप, कधी बीपी खाली. याला रायगर म्हणतात. यात जिवंत जंतूच पाहिजेत असं नाही, मेलेल्या जंतूंच्या सालीचे तुकडे म्हणजे एंडोटॉक्सिन पुरेसे असतात, ते पडद्यातून रक्तात शिरतात. पाणी उकळून ते जात नाहीत, काचेच्या भांड्यावरचे घालवायचे तर २५० अंशाची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. एकाच पेशंटला, त्यातही कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी मोठ्या शिरेत घातलेली नळी, असलेल्याला थंडी वाजली तर आधी कॅथेटरवर संशय घ्यायचा, ब्लड कल्चर पाठवायचं. एकाच शिफ्टला दोघा-तिघांना वाजली तर पाणी किंवा बायकार्ब, म्हणजे मशीनला लागणारं बायकार्बोनेटचं द्रावण, बघायचं.

बायकार्बबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथं होतं. मशीनला दोन कॅन लागतात, पार्ट ए ॲसिडचा, त्यात जंतू टिकत नाहीत, आणि पार्ट बी बायकार्बोनेटचा, ज्यात ते मजेत वाढतात. पार्ट बी त्या दिवशी बनवून त्या दिवशीच संपवायचा, उरला तर ओतून द्यायचा, कॅन धुवून उलटा वाळवायचा. एका युनिटात मी नवीन लागलो तेव्हा उरलेल्यातच वरून नवीन टाकायची पद्धत होती, पावडर वाया जाऊ नये म्हणून. मी कॅनच्या आत बोट फिरवून बघितलं तर भिंत बुळबुळीत, शेवाळ धरलेल्या रांजणासारखी. ती बुळबुळ म्हणजेच बायोफिल्म. कॅन बदलले, पद्धत बदलली, आणि संध्याकाळच्या शिफ्टला जे अधूनमधून ताप यायचे ते थांबले.

तपासणीचे आकडे असे, पाण्यात दर मिलीला १०० पेक्षा कमी जंतू आणि एंडोटॉक्सिन ०.२५ युनिटच्या आत, पण आकडा निम्म्यावर पोचला की तेव्हाच डिसइन्फेक्शन करायचं, शंभराची वाट बघायची नाही. सॅम्पल लूपच्या शेवटच्या टोकाचं घ्यायचं, नुसतं आरओच्या तोंडाचं नाही, कारण घाण पुढंच होते. लॅबला स्पष्ट सांगावं लागतं की जंतू वाढवायला ब्लड ॲगर हे नेहमीचं भरपूर खाद्याचं माध्यम नको, पाण्यातले हे जंतू उपासाला सरावलेले असतात, त्यांना आर-टू-ए सारखं हलकं माध्यम, कमी तापमान आणि सात दिवस लागतात. दोन दिवसात नो ग्रोथ आलेला रिपोर्ट फाइलला लावून निश्चिंत होणं मला पटत नाही. एंडोटॉक्सिनची एलएएल टेस्ट हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री प्राण्याच्या रक्तपेशींपासून केलेली असते.

पाणी चुकलं तर काय होतं याचं सगळ्यात वाईट उदाहरण ब्राझीलमधल्या कारुआरू गावचं. १९९६ साली तिथल्या एका डायलिसिस सेंटरला टँकरनं आलेल्या जलाशयाच्या पाण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन हे विष होतं, शंभराहून जास्त पेशंट आजारी पडले आणि लिव्हर निकामी होऊन ५० पेक्षा जास्त दगावले. उजनीच्या बॅकवॉटरचं पाणी हिरवं दिसायला लागलं की मला कारुआरू आठवतं आणि मी त्या आठवड्यात कार्बन, आरओचे आकडे दोनदा लिहितो. दुसरं उदाहरण १९८२ चं, अमेरिकेतल्या लुइझियानातलं, तिथं डायलायझर रीयूज करताना, म्हणजे त्याच पेशंटला धुवून परत वापरताना, फॉर्मलिन हे जंतुनाशक कमी तीव्रतेचं पडलं आणि पाण्यातल्या मायकोबॅक्टेरिया या जंतूंची लागण २७ जणांना झाली. आपल्याकडं रीयूज अजून चालतो, त्यामुळं हे लक्षात ठेवायला हवं.

हिपॅटायटिस बी, सी मात्र पाण्यातून येत नाहीत, ते हातांवरून, मशीनच्या बटणांवरून, सगळ्यांना मिळून वापरलेल्या हेपॅरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या, बाटलीतून जातात. बी चा विषाणू सुकलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहतो, दिसतही नाही. म्हणून बी पॉझिटिव्ह पेशंटला वेगळी खोली आणि वेगळं मशीन, रक्त सांडलं तर १ टक्का हायपोक्लोराइट, आणि प्रत्येक नवीन पेशंटला दुप्पट डोसची लस. दोन पेशंटच्या मध्ये ग्लोव्हज बदलून हात धुणं यावर बोलायची वेळ येऊ नये, पण एका टेक्निशियनकडं सहा मशीन दिल्या आणि दोन एकदम वाजायला लागल्या की काय सुटतं ते आम्हाला माहितीय. नवीन पेशंटला फिस्टुला, म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली सुईची जागा, लवकर करून घ्या असं डॉक्टर म्हणतात त्यामागं हेच आहे, मानेतल्या कॅथेटरला इन्फेक्शनचा धोका सगळ्यात जास्त.

आपल्याकडं प्रत्येक पेशंट घरची चादर आणतो, चाटला कंपनीची असो नाहीतर साधी सोलापुरी. ती धुतलेली असावी आणि फिस्टुलाचा हात चादरीच्या बाहेर दिसत राहावा, आत सुई निसटली तर रक्त चादरीतच मुरत जातं आणि वरून कळत नाही.

आरओतून फेकलं जाणारं रिजेक्ट पाणी बरंच असतं, कधी आत घेतलेल्याच्या तिसरा हिस्सा, कधी निम्मं. पाणी चार दिवसाआड येणाऱ्या गावात ते गटारीत सोडायला जीव होत नाही, बऱ्याच ठिकाणी ते वेगळ्या टाकीत घेऊन संडास आणि फरशीला वापरतात. त्याला पेशंटचं रक्त लागलेलं नसतं, क्षार तेवढे जास्त असतात, त्यामुळं वापरायला हरकत नाही. फक्त त्या टाकीचा पाइप आरओच्या फीड टाकीला, म्हणजे आरओला पाणी पुरवणाऱ्या टाकीला, कुठंही जोडलेला नाही हे स्वतः लाइन धरून चालत जाऊन बघायचं.