बूस्ट आणि ओव्हरक्लॉक: आकडा एकच, जबाबदारी वेगळी

एएमडी कंपनीच्या रायझन 5 5600जी या प्रोसेसरच्या माहितीत दोन वेग दिलेले असतात: 3.9 गीगाहर्ट्झ आणि 4.4 गीगाहर्ट्झ. कमी खर्चात छोटा डेस्कटॉप जुळवू पाहणाऱ्या अनेकांची पहिली गफलत इथेच होते. 3.9 हा खरा वेग आणि 4.4 हा ओव्हरक्लॉक करून मिळणारा वेग, असे ते धरून चालतात. मी माझा प्रोसेसर घेतला तेव्हा दुकानातल्या माणसानेही मला हेच सांगितले होते, वर “हा आपोआप ओव्हरक्लॉक होतो, साहेब” अशी खात्रीही दिली होती. त्या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. मोठ्या, हवेशीर कॅबिनेटमध्ये ही सरमिसळ फारशी नडत नाही. पण डबा लहान आणि बजेट मोजके असेल, तर पैसे नेमके कशावर खर्च करायचे हे या फरकावरच ठरते.

बूस्ट म्हणजे प्रोसेसरने कंपनीने आखून दिलेल्या मर्यादेत राहून स्वतःचा वेग वाढवणे. 3.9 हा ठरावीक उष्णतेच्या हिशेबात सर्व कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) कामाला लागले तरी टिकेल असा पायाभूत वेग आहे, तर 4.4 ही परिस्थिती अनुकूल असताना एखाद्या कोअरला गाठता येईल अशी कमाल मर्यादा आहे. या दोहोंच्या दरम्यान नेमके कुठे राहायचे हे प्रोसेसर स्वतः ठरवतो आणि ते ठरवताना तापमान, विद्युतप्रवाह, एकूण वीज आणि किती कोअर कामात आहेत या गोष्टी तो सेकंदाला असंख्य वेळा तपासत असतो. यात मालकाला काहीही करावे लागत नाही, वॉरंटीलाही धक्का लागत नाही, 4.4 पर्यंतचा वेग विकत घेतलेल्या मालाचाच भाग आहे.

ओव्हरक्लॉक म्हणजे कंपनीने आखलेली मर्यादा मालकाने स्वतः ओलांडणे. प्रोसेसरचा वेग हा मूळ क्लॉक (सगळ्या कामाला ताल देणारी आधाराची लय) आणि गुणक यांचा गुणाकार असतो. 100 मेगाहर्ट्झला 44 ने गुणले की 4.4 गीगाहर्ट्झ होतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन हा गुणक 46 करायचा आणि तो पेलण्यासाठी लागणारे जादा व्होल्टेज द्यायचे, हा ओव्हरक्लॉक. मशीन त्या वेगावर बिनचूक चालेल, अशी हमी कोणीही दिलेली नसते. ती तपासायची जबाबदारी गुणक बदलणाऱ्याची.

दोन्हींत वेग वाढतो आणि दोन्हींत आकडा गीगाहर्ट्झमध्येच दिसतो, त्यामुळे घोटाळा होणे स्वाभाविक आहे. पण त्याचे मूळ थोडे जुने आहे. 1998 मध्ये इंटेलने सेलेरॉन 300ए हा स्वस्त प्रोसेसर आणला. त्याचा गुणक 4.5 वर कुलूपबंद होता आणि बस, म्हणजे तेव्हाचा मूळ क्लॉक, 66 मेगाहर्ट्झची होती, म्हणून वेग 300. हौशी लोकांनी बसच 100 वर नेली आणि गुणकाला हात न लावता 450 मेगाहर्ट्झ मिळवले. तेव्हा बूस्ट नावाची गोष्ट नव्हती. कंपनी सुरक्षिततेसाठी जी क्षमता राखून ठेवत असे, ती शोधून काढणे हाच ओव्हरक्लॉकचा अर्थ होता आणि त्यातून दीडपट वेग मिळत असल्यामुळे कमी बजेटवाल्याला त्याचे अप्रूप वाटणे योग्यच होते. पुढे 2008 मध्ये इंटेलने पहिल्या कोअर आय7 प्रोसेसरांसोबत टर्बो बूस्ट आणले, 2010 मध्ये एएमडीनेही फिनॉम टू एक्स6 मालिकेत टर्बो कोअर दिले आणि ही राखीव क्षमता कंपन्या स्वतःच हळूहळू बाहेर काढू लागल्या. आज प्रोसेसर विकत घेतला जातो तेव्हा त्यातली बहुतेक शिल्लक बूस्टच्या रूपाने आधीच वापरात आलेली असते. ओव्हरक्लॉकचे नाव तेच राहिले, त्यामागची कमाई मात्र आटली.

फरक स्वच्छ पाहायचा असेल तर तीन स्वस्त प्रोसेसर शेजारी ठेवून पाहावेत. 2014 चा पेंटियम जी3258 हा इंटेलने पेंटियम नावाच्या विसाव्या वाढदिवसानिमित्त काढलेला, 72 डॉलरचा, दोन कोअरचा प्रोसेसर होता. त्याला टर्बो बूस्ट अजिबात नव्हते, तो 3.2 गीगाहर्ट्झवर चाले, पण त्याचा गुणक मोकळा होता आणि अनेकांनी तो चार गीगाहर्ट्झच्या बराच पुढे नेला. म्हणजे इथे ओव्हरक्लॉक आहे, बूस्ट नाही. 2022 चा कोअर आय3-12100 नेमका उलटा: मूळ वेग 3.3, बूस्ट 4.3 गीगाहर्ट्झ, पण गुणक कुलूपबंद. काही मोजक्या महागड्या मदरबोर्डांवर मूळ क्लॉक वाढवण्याची वाट निघाली होती, परंतु आय3 साठी तसला बोर्ड घेणे म्हणजे बचतीचा हेतूच घालवणे होय. रायझन 5 5600जी मध्ये दोन्ही गोष्टी आहेत. मात्र बोर्ड बी450 किंवा बी550 यांसारख्या चिपसेटचा (बोर्डावर काय काय करता येईल हे ठरवणाऱ्या चिपचा) हवा. ए520 बोर्डावर बूस्ट पुरेपूर मिळतो, पण प्रोसेसरचा गुणक वाढवण्याची अधिकृत सोय त्यात नाही. ओव्हरक्लॉक करायचा नसेल तर साधा बोर्ड घेऊन वाचलेले पैसे रॅम किंवा कूलरमध्ये घालणे शहाणपणाचे ठरते. केवळ बूस्टसाठी महाग चिपसेट घेणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांची चूक कोणी वेळीच दाखवून द्यायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

आता विजेचा हिशेब, कारण छोट्या डब्यात सगळे शेवटी उष्णतेवर येऊन थांबते. चिपला काम करताना लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, 4.4 गीगाहर्ट्झवर 1.25 व्होल्टने चालणारा प्रोसेसर 4.6 वर नेण्यासाठी 1.35 व्होल्ट द्यावे लागले. वेग साडेचार टक्क्यांनी वाढला. वीज, आणि तिच्याबरोबर उष्णता, सुमारे 22 टक्क्यांनी वाढली. मोठ्या कॅबिनेटमध्ये उंच कूलर लावून हा व्यवहार एक वेळ पचवता येतो. सतरा सेंटिमीटर बाजूच्या चौरस मिनी-आयटीएक्स बोर्डावर, जिथे कूलरच्या डोक्यावर लगेच कॅबिनेटचा पत्रा येतो, तिथे तो अंगाशी येतो. शिवाय स्वस्त छोट्या बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर अनेकदा पुरेसा हीटसिंक (उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा तुकडा) नसतो. प्रोसेसरचे तापमान पडद्यावर दिसते म्हणून आपण त्याच्याकडे पाहत राहतो, आणि शेजारचा हा उघडा भाग मात्र निमूटपणे तापत राहतो.

बूस्टला उष्णता कळते, हा दोहोंमधला सर्वांत मोठा व्यावहारिक फरक आहे. माझा 5600जी ज्या कॅबिनेटमध्ये आहे, त्याची बाजूची भिंत सलग पत्र्याची होती आणि प्रोसेसरसोबत मिळालेल्या कूलरचा पंखा त्या पत्र्यापासून जेमतेम दीड सेंटिमीटरवर होता. मे महिन्यात, खोलीत 38 अंश असताना, सर्व कोअर व्यापणारी चाचणी लावली. सुरुवातीला सगळे कोअर 4.3 च्या आसपास होते. चार मिनिटांत तापमान 95 अंशांवर, म्हणजे या प्रोसेसरच्या कमाल मर्यादेवर पोहोचले, आणि मग वेग पायरी-पायरीने उतरत चारच्याही खाली गेला. मशीन बंद पडले नाही, चूक झाली नाही, पडद्यावर इशाराही आला नाही. चाचणी चालू असतानाच मी बाजूचा पत्रा काढून टेबलावर ठेवला. मिनिटाभरात तापमान 85 च्या खाली आले आणि वेग पुन्हा 4.2 च्या वर चढला. बायोसला हात लागला नव्हता, व्होल्टेज तेच होते. फक्त पंख्याला हवा मिळाली. नंतर मी त्या पत्र्याच्या जागी जाळी बसवून घेतली. जे मशीन वर्षभर तापून मागे पडत होते, त्याला ओव्हरक्लॉक करण्याचा विचार मी त्याआधी दोनदा गंभीरपणे केला होता, हे इथे नमूद करायला हवे.

ठोकळ ओव्हरक्लॉक, म्हणजे सर्व कोअर हाताने एकाच वेगावर बांधणे, असे जुळवून घेत नाही. सर्व कोअर 4.5 वर बांधून टाकले की हलके काम असो वा जड, तो वेग आणि ते व्होल्टेज कायम राहते. टोकाच्या तापमानाला प्रोसेसर स्वतःला वाचवतो, हे खरे. पण त्याच्या अलीकडे, व्होल्टेज किंचित कमी पडते आहे अशा टप्प्यावर, तो वेग कमी करत नाही, तर चुकतो. ती चूक निळ्या पडद्याच्या रूपाने समोर आली तर बरे. कित्येकदा ती उलगडताना बिघडलेल्या झिप फाइलच्या किंवा अर्धवट थांबलेल्या व्हिडिओच्या रूपाने येते आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो. त्यातच हिवाळ्यात तपासून ‘पक्का’ ठरवलेला ओव्हरक्लॉक विदर्भातल्या मे महिन्यात तसाच टिकेल याची शाश्वती नसते, कारण खोलीच्या तापमानातला प्रत्येक अंश चिपच्या तापमानात जवळजवळ जसाच्या तसा मिळवला जातो.

ठोकळ ओव्हरक्लॉकचा आणखी एक तोटा सहसा लक्षात येत नाही. रायझनमध्ये सर्व कोअर हाताने 4.3 वर बांधले तर एकट्या कोअरचा 4.4 पर्यंत जाण्याचा मार्गच बंद होतो. ब्राउझर, टॅली किंवा जुने गेम अशी एक-दोन कोअरवर भिस्त असलेली कामे त्यामुळे मूळ स्थितीपेक्षाही किंचित हळू होऊ शकतात. ओव्हरक्लॉक केला आणि मशीन मंदावले, हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्यामागचे कारण एवढे साधे आहे.

या दोहोंच्या सीमेवर एएमडीचे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह उभे आहे आणि नावात बूस्ट असल्यामुळे ते हमखास फसवते. त्यात वेग कोणीही बांधून देत नाही. निर्णय प्रोसेसरच घेतो. पण त्याला आखून दिलेल्या विजेच्या आणि प्रवाहाच्या मर्यादा मालक वाढवतो. 65 वॅटच्या 5600जी ला मुळात 88 वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते, ती इथे सैल होते. पद्धत बूस्टची असली तरी मर्यादा ओलांडलेली आहे, म्हणून वॉरंटीच्या दृष्टीने एएमडी त्याची गणना ओव्हरक्लॉकमध्येच करते. मला हे वर्गीकरण योग्य वाटते: चालक कोण आहे यापेक्षा हमी कुठे संपते, हीच खरी सीमा. याच सोयीतला कर्व्ह ऑप्टिमायझर मात्र छोट्या डब्यासाठी फार मोलाचा आहे, कारण त्यातून प्रत्येक वेगासाठीचे व्होल्टेज थोडे खाली आणता येते. उष्णता कमी झाली की बूस्ट आपसूक जास्त वेळ टिकतो. इथेही तपासणी लागतेच, आणि तीही वेगळ्या पद्धतीची: व्होल्टेज फार उतरवले तर मशीन जड चाचणीत तग धरते, पण रात्री काहीच काम नसताना अचानक रीस्टार्ट होते. म्हणून केवळ तासभराची जड चाचणी पुरेशी न मानता दोन-चार दिवस नेहमीचे काम करून पाहावे.

रॅमच्या बाबतीत घोटाळा नेमका उलट्या दिशेने होतो. तिथे लोक ओव्हरक्लॉकला मूळ वेग समजतात. पाकिटावर 3200 लिहिलेली डीडीआर4 रॅम बसवली की ती 3200 वर चालणारच, असा समज असतो. प्रत्यक्षात पाकिटावरचा आकडा अनेकदा एक्सएमपी प्रोफाइलचा (रॅममध्ये आधीच साठवलेल्या जादा वेगाच्या सेटिंगचा) असतो, ज्याला मूळ 1.2 ऐवजी 1.35 व्होल्ट लागतात, आणि तो बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. तोवर रॅम 2133 किंवा 2400 वर रेंगाळत राहते; इथे बूस्टसारखे आपोआप काहीही होत नाही. ग्राफिक्स कार्ड न घेता 5600जी च्या अंगच्या ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला हे सर्वांत महागात पडते, कारण ते ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच माहिती ओढते. दोन कांड्या 3200 वर असतील तर सेकंदाला 51.2 गीगाबाइटचा मार्ग मिळतो, त्याच 2133 वर सुमारे 34 चा, आणि 3200 ची एकच कांडी लावली तर फक्त 25.6 चा. मिनी-आयटीएक्स बोर्डावर रॅमचे खाचे मुळात दोनच असतात. त्यातला एक ‘पुढे बघू’ म्हणून रिकामा ठेवणे म्हणजे निम्मा मार्ग पहिल्या दिवसापासून बंद ठेवणे. कमी बजेटच्या मशीनवर मी डोळे झाकून सुचवीन असा ओव्हरक्लॉक हा एवढाच.

आपल्या मशीनवर सध्या या दोहोंपैकी काय चालू आहे, हे ओळखायला फार साधने लागत नाहीत. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात मूळ वेग आणि चालू वेग शेजारी-शेजारी दिसतात. मशीन स्वस्थ असताना एकदा, एखादी मोठी फाइल उलगडत असताना एकदा आणि सगळे कोअर दहा मिनिटे राबवल्यावर एकदा, असे तीनदा ते आकडे पाहावेत. चालू वेग कामाप्रमाणे वरखाली होत असेल आणि माहितीपत्रकातल्या कमाल आकड्याच्या पुढे जात नसेल, तर तो बूस्ट. तो कायम एकाच आकड्यावर खिळलेला असेल किंवा त्या कमाल आकड्याच्या वर असेल, तर कोणीतरी गुणकाला किंवा मर्यादांना हात लावलेला आहे. जुने मशीन विकत घेताना तर ही तपासणी जरूर करावी आणि संशय आला तर बायोस मूळ स्थितीवर आणून मगच त्याची किंमत ठरवावी.