तडा की फाट? लाकडी कुत्र्यावरची चीर ओळखताना

घरच्या कुत्र्याची प्रतिमा लाकडात कोरताना, किंवा कोरून शोकेसमध्ये ठेवल्यावर, कधी ना कधी एक बारीक चीर दिसते आणि हात सरळ फेविकॉलकडे जातो. पण चिरा दोन तऱ्हेच्या. ओलाव्यामुळे पडते तो तडा, रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, चुकल्यामुळे पडते ती फाट. फाटीला गोंद ताबडतोब हवा. तड्यात तो घाईने भरला तर पुढच्या पावसाळ्यात तडा आणखी लांबतो.

आधी तडा. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, आडवं आटतं, आणि तेही सारखं नाही. वाढीच्या वर्तुळांच्या कडेने ते जितकं आटतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आटतं. त्यामुळे भाटातल्या, म्हणजे बागेतल्या, फणसाच्या फांदीचा अख्खा गोल तुकडा घेऊन त्यातून बसलेला कुत्रा काढला, की त्याच्या छातीवर उभा तडा ठरलेला: सालीकडे रुंद, गाभ्याकडे निमुळता. ओंडका मधोमध चिरून गाभ्याचा बोटभर भाग काढून टाकावा. कापलेल्या दोन्ही तोंडांना ऑईलपेंट किंवा मेण लावावं, कारण पाणी तिथूनच सगळ्यात लवकर निघतं. मग सावलीत वाळवणं, जाडीच्या दर इंचाला ढोबळमानाने 1 वर्ष. शिवण आणि सागवान यांत कमी त्रास देतात.

वाळलं की नाही हे दर पंधरा दिवसांनी वजन करून कळतं; तीनदा सारखं भरलं की झालं. फक्त जुलैत स्थिरावलेल्या वजनावर गोव्यात विश्वास ठेवू नये. हवेत 90 टक्क्यांच्या आसपास दमटपणा असताना लाकूड 20 टक्के ओलाव्यावरच थांबतं. जानेवारीत तेच आणखी खाली उतरतं, एसीच्या खोलीत त्याहूनही. शेवटचं वजन थंडीतलं धरावं.

फाट मात्र उत्तम वाळलेल्या सागवानातही पडते. लाकडाची ताकद रेषेच्या दिशेने असते. बारीक भागातून रेषा आडवी गेली की तो बिस्किटासारखा तुटतो. म्हणून ठोकळ्यावर चित्र काढण्याआधी कुत्रा बसलेला, झोपलेला की उभा, हे ठरवावं. बसलेल्याला रेषा उभी: पुढचे पाय आणि ताठ कान मजबूत राहतात, मुस्कट आडव्यात येतं पण जाड असल्याने निभावतं. शेपटी जमिनीवर, मांडीला चिकटलेली ठेवावी. झोपलेल्याला रेषा आडवी. खरी पंचाईत उभ्या गावठी कुत्र्याची: पाय उभे, पाठ आडवी आणि वर वळलेली शेपटी. एका ठोकळ्यात तिन्ही साधत नाहीत. शेपटी वेगळ्या तुकड्यातून करून बांबूच्या खुंटीने बसवणंच शहाणपणाचं. सगळं एकसंध हवं असा हट्ट असेल तर तिचं टोक पाठीला टेकलेलं ठेवावं.

कोरताना फाट बहुधा पटाशीने लाकूड उचकटल्यामुळे पडते. पटाशीने कापावं, तरफेसारखी वापरू नये. चारही पायांमधलं लाकूड शेवटपर्यंत काढू नये, आणि कान अखेरच्या हातापर्यंत दुप्पट जाड ठेवावेत.

आता ओळख. काम चालू असताना, हत्याराखाली किंवा पडल्यावर आली आणि बारीक जागी असली तर ती फाट. कोणी हात न लावता, डिसेंबर-जानेवारीत, जाड भागावर उमटला तर तो तडा. गोंधळ होतो तो पायावरच्या उभ्या चिरेचा, कारण दोन्ही रेषेनेच धावतात. तिच्या टोकाशी पेन्सिलची खूण करावी आणि कागदाची पट्टी आत सरकवून पाहावी. थंडीत शिरणारी पट्टी ऑगस्टमध्ये शिरत नसेल तर तो तडाच. फाट हवामानाला दाद देत नाही.

फाटीच्या कडा घासू नयेत, त्या एकमेकींत जशाच्या तशा बसतात. दोन्हींना पातळ गोंद लावून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने 24 तास आवळून ठेवावं, पावसात दोन दिवस. तड्यात एम-सीलसारखं कडक काही भरू नये. पावसात लाकूड फुगतं, भरलेलं कडक एम-सील दबत नाही आणि तडा टोकाशी पुढे सरकतो. बारीक तड्यात रंग मिसळलेलं मेण पुरतं. रुंद तड्यात त्याच लाकडाची, त्याच रेषेची पातळ पाचर घालावी आणि गोंद तिच्या एकाच बाजूला लावावा.

पॉलिश करताना बैठकीचा तळ बहुतेकजण कोराच सोडतात. बसलेल्या कुत्र्याचं कापलेलं तोंड नेमकं तिथे असतं, आणि ओलावा तिथूनच आत-बाहेर करतो. तळाला वरच्याहून एक हात जास्तच द्यावा.