झाशी रोडवरची प्रयोगशाळा आणि भोपाळनंतरचे नियम

ग्वाल्हेरात डीआरडीईचं, म्हणजे झाशी रोडवरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेचं, नाव निघालं की बोलणं हटकून दोनशे मीटरवर येतं. प्रयोगशाळेपासून २०० मीटरच्या आत बांधकामाला असलेली मनाई, त्यावरून उच्च न्यायालयापर्यंत गेलेली प्रकरणं, त्या पट्ट्यात अडकलेली घरं आणि दुकानं. शहराच्या लष्कर भागातल्या आपल्या मराठी घरांतही विषय निघतो तो जागेच्या भावापुरताच. ही संस्था भरवस्तीत आली कशी आणि देशाच्या आपत्ती-व्यवस्थेशी तिचा संबंध काय, हे समजून घेतल्याशिवाय त्या वादाला अर्थ नाही.

सुरुवात संस्थानी काळातली. १९४७ साली जीवाजीराव शिंदे यांच्या कारकिर्दीत ‘जीवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरी’ निघाली. संस्थानातली खनिजं आणि जंगलातली पैदास तपासून त्यातून काय धंदे उभे राहतील ते पाहायचं, एवढंच तिचं काम. वर्षभरात संस्थान मध्य भारतात विलीन झालं. १९६६ मध्ये प्रयोगशाळा संरक्षण खात्याकडे गेली आणि कानपूरच्या प्रयोगशाळेची शाखा बनली. १९७३ मध्ये ती स्वतंत्र झाली, नाव पडलं डीआरडीई. युद्धात विषारी वायू किंवा रोगजंतू वापरले गेले तर सैनिक वाचवायचा कसा, हा तिचा विषय ठरला. विष ओळखायचं कसं, अंगावरून उतरवायचं कसं, त्यावर उतारा कोणता, याचा अभ्यास इथे सुरू झाला.

आणि मग २ डिसेंबर १९८४ ची रात्र. भोपाळ इथून रेल्वेने सुमारे ४०० किलोमीटर. युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं, आतलं मिथाइल आयसोसायनेट तापलं आणि जवळपास ४० टन विष बाहेर पडलं. कारखान्याचा बाहेरचा भोंगा वाजून लगेच बंद झाला, आणि पुन्हा सलग वाजला तोवर शेजारच्या वस्तीतली माणसं रस्त्यावर पडू लागली होती. हमीदिया रुग्णालयात डॉक्टरांना वायूचं नावच ठाऊक नव्हतं. कारखान्याच्या डॉक्टरांकडून उत्तर मिळालं की हा अश्रुधुरासारखा प्रकार आहे, डोळे पाण्याने धुवा. लोक वाट फुटेल तिकडे धावले, कित्येक जण वाऱ्याच्याच दिशेने, म्हणजे वायूसोबत. हा वायू पाण्याशी रासायनिक क्रिया करतो, म्हणून ओलं फडकं नाकातोंडावर धरलं असतं आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेला निघाले असते, तर कितीतरी जीव वाचले असते. हे सांगायला यंत्र लागत नव्हतं, पैसा लागत नव्हता. सांगणारं कोणी नव्हतं.

मला यातली हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते. विषारी वायूंचा अभ्यास करणारी माणसं त्याच राज्यात, एका रात्रीच्या प्रवासावर बसलेली होती. पण कारखाना, जिल्हाधिकारी, रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांनी एकमेकांना कधी आणि काय कळवायचं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. ग्वाल्हेरचे शास्त्रज्ञ भोपाळला गेले, पुढे या वायूच्या परिणामांवर त्यांनी संशोधनही केलं. पण ते पोचले ते सगळं होऊन गेल्यावर.

दोन आठवड्यांनी उरलेला साठा संपवण्यासाठी ‘ऑपरेशन फेथ’ झालं, तेव्हा तेच शहर वेगळं दिसलं. शास्त्रज्ञ एस. वरदराजन यांच्या देखरेखीखाली १६ डिसेंबरपासून उरलेल्या मिथाइल आयसोसायनेटचं कीटकनाशक बनवलं गेलं. कुंपणावर ओली कापडं ताणली होती, वरून हेलिकॉप्टर पाणी शिंपत होती. लोकांचा मात्र सरकारवरचा विश्वास उडाला होता. लाखो जणांनी आधीच शहर सोडलं. उपचारांतही वाद पेटला. गांधी मेडिकल कॉलेजच्या हिरेश चंद्र यांना शवविच्छेदनात सायनाइडच्या विषबाधेची लक्षणं दिसली आणि त्यांनी सोडियम थायोसल्फेट या सायनाइडवरच्या उताऱ्याचा आग्रह धरला. तज्ज्ञ आणि अधिकारी यांच्या ओढाताणीत ते इंजेक्शन बहुतेकांपर्यंत वेळेवर गेलंच नाही.

कायदे मागाहून आले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाना कायद्यातली दुरुस्ती, आणि १९८९ चे घातक रसायनांचे नियम. १९८९ च्या नियमांत नेमकं लिहिलं गेलं: कारखान्याच्या आतली आपत्कालीन योजना मालकाने करायची, बाहेरची प्रशासनाने, आणि आसपासच्या रहिवाशांना धोका काय व अपघात झाल्यास काय करायचं ते आधीच सांगायचं. रासायनिक अपघात हाताळण्यासाठी केंद्रापासून जिल्ह्यापर्यंतच्या संकटगटांची रचना १९९६ च्या नियमांनी केली. म्हणजे भोपाळनंतर बारा वर्षांनी! आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा, एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, २००६ चं.

मधल्या काळात ग्वाल्हेरच्या कामाचा नागरी उपयोग वाढत गेला. १९९४ मध्ये आधी बीड जिल्ह्यात आणि मग सुरतेत प्लेग आला, सुरत रिकामी होऊ लागली. हा खरंच प्लेग आहे का, यावर जाणकारांतच दुमत होतं. डीआरडीईच्या शास्त्रज्ञांनी नमुन्यांतून प्लेगचा जीवाणू वेगळा करून ओळख पटवली आणि १९९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सियाचिनसारख्या थंड जागी सैनिकांच्या मैल्याची विल्हेवाट लावण्यासाठी इथे शोधलेले जीवाणू २०११ मध्ये ग्वाल्हेरहून सुटणाऱ्या बुंदेलखंड एक्सप्रेसच्या शौचालयांत आले. पुढे तेच जैवशौचालय देशभरच्या डब्यांत बसलं.

आता झाशी रोडचा प्रश्न. प्रयोगशाळेसाठी महाराजपुऱ्याकडे नवी जागा दिली गेली आणि बांधकामबंदीचा पट्टा कमी करायचं ठरलं. ज्यांच्या जागा अडकल्या होत्या त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि ते रास्तच आहे. पण अंतर कमी झालं म्हणजे धोक्याची चर्चा संपली, असं आपण धरून चाललो आहोत. प्रशासनाने आपल्या योजनेची रंगीत तालीम वर्षातून एकदा तरी घ्यायची, असं रसायनांचे नियम सांगतात. तुमच्या घराजवळ घातक रसायनांचा कारखाना किंवा गोदाम असेल, तर जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन ही तालीम शेवटची कधी झाली आणि रहिवाशांना काय सांगितलं गेलं, हे विचारा. उत्तर लेखी मागा.