फ्रँचायझी व्यवसाय

एखाद्या कंपनीने आपले नाव, व्यापारचिन्ह व धंदा चालवण्याची ठरलेली रीत दुसऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाला करार करून, मुदतीपुरती आणि मोबदला घेऊन वापरू देण्याची पद्धत. हक्क देते ती मूळ कंपनी व घेतो तो फ्रँचायझीधारक. मोठ्या प्रदेशाचा हक्क घेऊन पुढे पोटहक्क देणाऱ्यास मास्टर फ्रँचायझी म्हणतात.

या पद्धतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक मध्ययुगीन यूरोपात राजे बाजार भरवण्याचे किंवा कर गोळा करण्याचे हक्क देत, तिथपर्यंत मागे जातात. काही जण इंग्लंडमधील बिअर उत्पादकांनी आपलाच माल विकण्याच्या अटीवर बांधून घेतलेल्या मद्यगृहांकडे बोट दाखवतात. बहुतेक संदर्भग्रंथ आयझॅक सिंगरच्या शिलाई यंत्रांच्या, साधारण १८५० च्या दशकातील विक्रेत्यांपासून आरंभ धरतात. मात्र त्या विक्रेत्यांना मुख्यतः ठरावीक प्रदेशात यंत्रे विकण्याचा हक्क होता, आणि पुढे सिंगर कंपनी स्वतःच्या शाखांकडे वळली. त्या मानाने पूर्वी घरकाम करणाऱ्या मार्था माटिल्डा हार्पर यांनी अमेरिकेत १८९१ च्या सुमारास सुरू केलेली केशप्रसाधनगृहांची साखळी आजच्या अर्थाला अधिक जवळची वाटते: प्रशिक्षण, प्रसाधने, खुर्चीची रचना व तपासणी हार्पर यांची, दुकान मात्र चालवणारीच्या मालकीचे.

फ्रँचायझीधारक हा कंपनीचा नोकर नसतो, भागीदारही नसतो. भांडवल त्याचे, नोकरमाणसे त्याची आणि तोटाही त्याचाच; पण मांडणीपासून मालाच्या खरेदीपर्यंत नियम कंपनीचे. सुरुवातीच्या शुल्काखेरीज तो रॉयल्टी (नाव व पद्धत वापरण्याचा नियमित मोबदला) व बहुधा जाहिरात निधीची वर्गणी भरतो. रॉयल्टी सहसा नफ्यावर नव्हे, एकूण विक्रीवर आकारली जाते, आणि या संबंधातील बहुतेक तंट्यांचे मूळ इथेच आहे. सवलतीच्या योजनेने विक्री वाढली की कंपनीची रॉयल्टी वाढते, धारकाचा नफा मात्र घटू शकतो. कंपनीने जवळच आपले दुसरे दुकान उघडू दिले तरी तेच होते. म्हणून करारात प्रदेशाच्या हक्काचे कलम सर्वांत आधी वाचावे.

कंपन्या स्वतःच्या शाखांऐवजी हा मार्ग का धरतात? भांडवलाची चणचण हे जुने स्पष्टीकरण. पगारी व्यवस्थापकापेक्षा स्वतःचा पैसा गुंतवलेला माणूस अधिक काळजीने दुकान चालवतो, हे दुसरे. भांडवल मुबलक असलेल्या कंपन्याही फ्रँचायझी देतात, हे पाहता दुसरे अधिक पटते.

कायद्याने मुख्यतः माहिती उघड करण्यावर भर दिला. कॅलिफोर्नियाचा कायदा १९७० चा. अमेरिकी संघीय नियम १९७८ मध्ये जाहीर झाला. सध्याच्या नियमानुसार सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी माहितीपत्र द्यावे लागते. यूरोपीय न्यायालयाने १९८६ च्या प्रोनुप्तिया (विवाहवस्त्रांच्या दुकानांची फ्रँचायझी) निकालात कंपनीचे ज्ञान व लौकिक जपण्यासाठी आवश्यक निर्बंध स्पर्धाविरोधी ठरत नाहीत, असे म्हटले. बाजारपेठेची आपसांत वाटणी करणाऱ्या अटींना मात्र ही मोकळीक दिली नाही.