पौराणिक मालिकांतील पत्नी

रामायण, महाभारत आणि पुराणांवरच्या दूरचित्रवाणी मालिका पत्नीवर झालेला अन्याय सहसा गाळत नाहीत, त्याचे कारण बदलतात. कधी तो तिच्याच चुकीचे फळ ठरतो, कधी तिचा स्वतःचा निर्णय, तर कधी देवाची लीला. हे फेरफार तपासायला लागणारे बरेचसे साहित्य पुणे आणि परिसरातच आहे.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेली संहिता, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’ मालिकेत (१९८८–९०) मयसभेत पाण्यात पडलेल्या दुर्योधनाला द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच’ असे हिणवते. चिकित्सक आवृत्तीत हे वाक्य नाही. तिथे त्या प्रसंगी भीमासह पांडव आणि सेवक हसतात; द्रौपदीही हसली, हे नंतर दुर्योधन बापाला सांगतो. पण या एका वाक्यामुळे ‘तिने जिभेने ओढवून घेतले’ म्हणायला जागा होते आणि बायकोला पणाला लावणाऱ्या युधिष्ठिरावरची नजर हटते. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, हा द्रौपदीचा प्रश्न मालिकेने ठेवला, हे मान्य करायलाच हवे. मात्र वस्त्रहरणात कृष्ण साड्या पुरवतो, हे दृश्यच प्रेक्षकांच्या मनात घर करून राहते. पुढे धृतराष्ट्राकडून दोन वर मागून तिनेच पाचही पतींना दास्यातून सोडवले आणि तिसरा वर नाकारला, हे फारसे कुणाला आठवत नाही.

सीतेच्या बाबतीत फेरफार अधिक हळुवार आहे, म्हणून अधिक घातक. वाल्मीकींच्या युद्धकांडात राम तिला सर्वांदेखत सांगतो की हे युद्ध तुझ्यासाठी केले नाही, तुला हवे तिकडे जा. त्यावर ती ताडकन विचारते, सामान्य पुरुष सामान्य बाईला बोलतो तसे मला का बोलता? १९८७ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या रामानंद सागरांच्या ‘रामायण’ने तुलसीदासांच्या परंपरेतली छायासीता, म्हणजे खऱ्या सीतेच्या जागी राहिलेली तिची प्रतिमा, घेतली. अग्निपरीक्षेच्या वेळी लक्ष्मण चिडतो तेव्हा राम त्याला समजावतो की खरी सीता अग्नीकडे ठेवली होती, तिला परत घ्यायचे आहे. रामाचे कठोर शब्द गेले, तसे सीतेचे उत्तरही गेले. पुढे उत्तरकथेत वनवासाचा आग्रहही तीच धरते. वाल्मीकींच्या सीतेला मात्र आपल्याला टाकल्याचे लक्ष्मणाकडून कळते, तेही गंगा ओलांडल्यावर.

मावळ-मुळशीतल्या बायकांनी जात्यावर सीतेची बाजू उघड घेतली. गी पॉयट्विन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी पुण्यात राहून ज्या हजारो ओव्या जमवल्या, त्या परंपरेत सीता हिरकणी आहे आणि राम हलक्या दिलाचा, तिच्या तोलाचा नव्हे. या बायकांना शास्त्राधाराची गरज पडली नाही. इतके स्पष्ट बोलणारी पौराणिक मालिका दुर्मीळच.

मराठीत जवळचे उदाहरण खंडोबावरची ‘जय मल्हार’ (२०१४–१७). पुणे जिल्ह्यातल्या जेजुरीला म्हाळसा खंडोबाशेजारी आहे आणि धनगराच्या बानूचे देऊळ गड चढताना वाटेत लागते. मालिकेने या दोघींची चढाओढ लांबवली. देवाने दुसरी बायको केली, तो लीलेचा भाग झाला. वाघ्या-मुरळीच्या जागरणातही सवतींचे भांडण रंगते, पण तिथली म्हाळसा खुद्द खंडोबालाही फैलावर घेते.